फोशानमध्ये आहे, पाठीसाठी चिनी मालीश (तुइना) घेऊ का? आणि गुडघ्याच्या जखमेचं काय करू?

टाइल्सवाला_कोल्हापूरकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. वय 38, दीड वर्ष झालं चीनमध्ये फोशानला आहे, क्वांगचौच्या शेजारचं शहर, टाइल्ससाठी प्रसिद्ध. आपल्याकडच्या एका इम्पोर्टरसाठी माल तपासायचं काम करतो म्हणजे दिवसभर कारखान्यात वाकून बॉक्स उघडा, टाइल उचला, उजेडात धरा, परत ठेवा. चार महिने झाले कंबर धरलीये. आधी नुसती कंबर होती आता उजव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते आणि अंगठ्याला मुंग्या येतात, सकाळी मोजे घालताना देव आठवतो.

त्यात बारा दिवसांपूर्वी ई-स्कूटरवरून पडलो. उजव्या गुडघ्याला पाच टाके, परवा काढले, पण एका कोपऱ्यात अजून ओलसर आहे. नडगीला आणि मांडीला मुका मार, सगळं काळंनिळं.

आता प्रश्न. कारखान्यातले एक सीनियर आहेत, आम्ही त्यांना मामाच म्हणतो, ते मागे लागलेत की माझ्या ओळखीच्या दिएदावाल्याकडे (इथला हाडवैद्य) चल, तो एका बैठकीत कंबर कटकन मोकळी करून देतो आणि गुडघ्याला पण त्याचं काळं औषध चोळून देतो, जखम आतून भरते म्हणे. मामा माणूस देव आहे, त्यामुळे नाही म्हणायला पण जीव होत नाही. इकडे घरी आईला फोन केला तर ती म्हणते उसण भरली असेल, कुणी पायाळू मिळतो का बघ, त्याच्याकडून पाठीला लाथ मारून घे. फोशानमध्ये पायाळू कुठून आणू आता 😅

कुणी चीनमध्ये हे मालीश घेतलंय का? खरंच फरक पडतो का? आणि जखमेवर चोळायचं म्हणजे मला जरा भीती वाटतेय.

---

पुडोंगची_सुमनताई

अरे थांब थांब, ओलसर जखमेवर कुणालाच काही चोळू देऊ नकोस, मामा असो नाहीतर मामाचा बाप. हे आधी सांगते मग बाकीचं.

मी अकरा वर्षं शांघायला आहे, मान आणि कंबर दोन्हीसाठी तुइना घेतलंय, चांगलं पण घेतलंय आणि भिकार पण. इथे नवीन आलेल्या सगळ्या भारतीयांचा एकच घोटाळा होतो, सगळ्याला आपण "चायनीज मसाज" म्हणतो आणि त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे सरकारी चिनी वैद्यक हॉस्पिटलातला तुइना विभाग, तिथे रीतसर शिकलेले डॉक्टर असतात, पाच वर्षांची डिग्री वगैरे, एमआरआय बघतात, केसपेपर लिहितात. दुसरं म्हणजे अंध लोकांचं मालीश, मांगरेन आनमो, हे इथे फार जुनं आणि मानाचं काम आहे, पेकिंगला तर 1958 पासून अख्खं मालीशचं हॉस्पिटल आहे आणि तिथले कितीतरी डॉक्टर अंध आहेत. पण त्यातही वैद्यकीय मालीश करणारे वेगळे, त्यांची वेगळी परीक्षा आणि वेगळं सर्टिफिकेट, आणि नुसतं थकवा घालवणारे गल्लोगल्लीचे वेगळे. तिसरं पाय चेपायची दुकानं, तिथे टीव्ही बघत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचं, मजा आहे पण औषध नाही. आणि चौथा तुझ्या मामांचा दिएदावाला, त्याच्याबद्दल मला फारसं माहीत नाही, ते तुमच्या दक्षिणेकडचं प्रकरण आहे, कुणी जाणकार सांगेल.

तुझं दुखणं पायात उतरलंय म्हणजे तू पहिल्या दारातूनच आत जा.

हॉस्पिटलातलं तुइना आपल्या मालिशीसारखं अजिबात नसतं बरं का. तेल नाही, कपडे काढायचे नाहीत, अंगावर एक पांढरं कापड टाकतात आणि त्यावरून काम. एका खोलीत पाच-सहा पलंग, शेजारच्या पलंगावरच्या आजी आपली सून कशी आहे ते डॉक्टरला सांगत असतात, तू उपडा पडून ऐकायचं. मला शांघायी पद्धतीचं केलं त्यात हाताची मागची बाजू, करंगळीकडची, लाटण्यासारखी पाठीवर फिरवतात, गुन फा म्हणतात त्याला. मिनिटाला 120 ते 160 वेळा फिरते ती मूठ आणि तरी हात घसरत नाही, कातडी ओढली जात नाही, आत खोलवर मात्र जाणवतं. ही पद्धत तिंग चीफंग नावाच्या शांघायच्या मालीशवैद्याने गेल्या शतकात बसवली, त्यांचं घराणं मूळ एका अंगठ्याने करायच्या तुइनाचं होतं. अंगठ्याच्या टोकाएवढ्या जागेने मोठ्या कंबरेला किती पुरं पडणार, म्हणून हाताची पाठ वापरायला घेतली. 1956 मध्ये शांघायला तुइनाचा सरकारी ट्रेनिंग वर्ग निघाला, नंतर शाळा निघाली, आणि मग जे घराण्याघराण्यात होतं ते वर्गात शिकवायला लागले.

फरक पडतो का? मला मानेला पडला, आठ-दहा बैठकांनंतर. कंबरेला पहिल्या वेळी पडला, दुसऱ्या वेळी काही नाही. आणि एकदा घराजवळच्या पार्लरमध्ये (नाव घेत नाही) त्या पोराने न विचारता मान कटकन फिरवली, तीन दिवस मी डावीकडे बघूच शकले नाही, रस्ता ओलांडताना अख्खी वळायची. तेव्हापासून पलंगावर झोपायच्या आधी चिनीत सांगते, वळवायचं नाही.

---

नेने_घाट_पुणे

आईचं ऐका. पायाळू शोधा. खर्च शून्य, एमआरआय नको, केसपेपर नको. लाथ बसली की माणूस दुखतंय म्हणायचं बंदच करतो त्यामुळे सक्सेस रेट शंभर टक्के.

---

नानचिंग_रिटर्न

दादा मी नानचिंगला एमबीबीएस केलं, आम्हा परदेशी पोरांना पण चिनी वैद्यक हा विषय असायचा, एक सेमिस्टर सुया (अ‍ॅक्युपंक्चर) आणि तुइना. प्रॅक्टिकलला पहिल्या दिवशी माणूस देत नाहीत, तांदूळ भरलेली पिशवी देतात. हो, तांदळाची पिशवी, तिच्यावर गुन फा करायचं, एकसारखी लय येईपर्यंत. आमच्या नांदेडच्या एका मित्राचं दहा मिनिटांत मनगट गेलं, म्हणाला यापेक्षा भाकरी थापणं सोपं आहे. म्हणजे सुमनताईंनी जे लिहिलंय ते दिसतं तेवढं साधं नाही, तिथल्या विद्यार्थ्यांचा पिशवीवर महिनोन् महिने घासून मगच पेशंटला हात लागतो.

उच्चार थ्वेइ-ना असा आहे, थ्वेइ म्हणजे ढकलणं, ना म्हणजे पकडणं. जुना शब्द आनमो, दाबणं आणि चोळणं. थांग राजवटीत राजवैद्यांच्या खात्यात आनमोचा वेगळा विभाग होता. तुइना हा शब्द पुढे मिंग काळात आला आणि तोही गंमत म्हणजे लहान मुलांच्या मालिशीच्या पुस्तकांतून. मुलांचं अजूनही चालतं, न्ये ची म्हणतात, पोराला उपडं घालून माकडहाडापासून मानेपर्यंत पाठीची कातडी चिमटीत धरून वर वर सरकवत न्यायची, तीन चिमट्या घेतल्या की एकदा वर ओढायचं. भूक लागत नाही, पोट धरलंय, यासाठी. आपल्या आज्या तान्ह्या बाळाला तेल लावताना पाठीवरून हात फिरवतात ना तसलंच पण जास्त शिस्तीत.

आता दिएदा. दिए म्हणजे पडणं, दा म्हणजे मार लागणं. पडझड आणि मारहाण, त्याचं वैद्यक. मराठीत सगळ्यात जवळचा शब्द तुम्हीच वापरलाय, मुका मार. मुरगळणं, सांधा निखळणं, हाड मोडणं हे सगळं त्यातच, म्हणजे आपला हाडवैद्य. तुम्ही तर त्याच्या माहेरीच बसलाय. वाँग फेइहुंग माहितीये ना, कुंगफू पिक्चरमधला, तो खरा माणूस होता, फोशानचाच, क्वांगचौमध्ये पो ची लाम नावाचा त्याचा दवाखाना होता, 1924 मध्ये व्यापाऱ्यांच्या सशस्त्र दलाच्या बंडाच्या धुमाकुळात तो जळाला. कुंगफू शिकवणारा आणि हाडं बसवणारा एकच माणूस हे तिकडे अगदी कॉमन होतं कारण आखाड्यात रोज कुणीतरी मोडून घेणारच. आपल्याकडे तुमच्या कोल्हापुरात तालमीतले वस्ताद खांदा बसवायचे तसंच की. फोशानच्या जुन्या देवळात, झुमियाओत, त्याचं स्मारक आहे, पाय बरा झाला की बघून या.

मामांचं काळं औषध म्हणजे बहुतेक दिएदा च्यू. बऱ्याच औषधी मुळ्या-साली दारूत महिनोन् महिने मुरवलेल्या असतात. हे न फुटलेल्या कातडीवर लावायचं, फुटलेल्या नाही. काही पाठांत (औषधाच्या कृतींत) बचनागाच्या जातीची मुळं असतात, ती जखमेतून आत गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात. बाटलीवर काय लिहिलंय ते चिनी माणसाकडूनच वाचून घ्या आणि घरगुती बिनलेबलची बाटली असेल तर प्रश्नच मिटला, नको.

आणि "मालिशीने जखम भरते" हे जे पसरलंय त्याचं मूळ मला वाटतं इथे आहे. 1742 साली छिएनलुंग बादशहाच्या हुकमाने वैद्यकाचा एक मोठा ग्रंथ झाला, ई चुंग चिन चिएन, त्यात हाडं बसवायच्या आठ पद्धती दिल्यात. पहिली चाचपणं, मग जोडणं, तोलून धरणं, उचलणं, आणि शेवटच्या चार म्हणजे ढकलणं, पकडणं, दाबणं, चोळणं. म्हणजे थ्वेइ, ना, आन, मो! आख्खं तुइना त्या यादीत आहे पण शेवटी आहे. हाड जागेवर आलं, सांधलं, पण स्नायू आखडलेत, सूज जिरत नाही, हात वर जात नाही, तेव्हा या चार. आणि पहिलं काय तर चाचपून बघणं, म्हणजे निदान. ताज्या उघड्या जखमेवर चोळा असं तिथे पण कुणी सांगत नाही. लोकांनी पहिली पद्धत सोडली आणि आठवी धरली.

लोयांगकडे पिंगल्ये नावाचं हाडवैद्यांचं गाव आहे, तिथल्या क्वो घराण्याची पद्धत. त्या घरच्या सूनबाई काओ युनफंग यांनी 1950 च्या दशकात घराण्याचे गुप्त पाठ उघडे केले आणि 1958 मध्ये हाडवैद्यकाचं कॉलेज काढलं. त्यांच्याकडे एक बारीक पूड असते, ती अंगठ्याने सांध्याभोवती गोल गोल जिरवतात, औषध चोळणंच म्हणतात त्याला. पण तेही बंद कातडीवर, प्लास्टर निघाल्यानंतरच्या आखडलेल्या सांध्यावर.

लांबलं, सॉरी. मुद्दा एवढाच की मामा खोटं बोलत नाहीयेत पण पायऱ्या गाळतायत.

---

फिजिओ_औंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चिनी पद्धत मी शिकलेले नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही, पण तुमच्या कंबरेबद्दल बोलू शकते.

अंगठ्यापर्यंत मुंग्या म्हणजे बहुधा एल फाइव्हची, म्हणजे कंबरेच्या पाचव्या मणक्याची नस, पण इथे बसून निदान होत नाही, कुणीतरी तपासायला हवं. तोवर स्वतः बघा, टाचांवर चालता येतं का? उजवा पंजा वर उचलताना डाव्यापेक्षा कमी पडतो का? आणि यातलं काहीही झालं तर मालीश वगैरे सोडा आणि त्याच दिवशी इमर्जन्सीला जा: लघवी अडकणं किंवा कळेनाशी होणं, बसतो ती जागा बधिर होणं, दोन्ही पायांत कळ, पंजा लुळा पडणं. थट्टा नाही ही, तासांचा हिशेब असतो.

हे नसेल तर घाबरायचं पण काम नाही. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली तरी बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं, बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू जिरवतं. आणि इथेच सगळी गोची आहे, कारण ज्या आठवड्यात तुम्ही मालीश सुरू करता त्याच आठवड्यात ते उतरायला लागलेलं असू शकतं, मग श्रेय कुणाला? हे मी आमच्या फिजिओथेरपीबद्दल पण म्हणते बरं का. पण तुमचे चार महिने झालेत आणि काम तेच चालू आहे, म्हणून एकदा दाखवाच.

मालिशीने काही होत नाही असंही नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या कॉलेजने 2017 मध्ये कंबरदुखीच्या सूचना काढल्या, त्यात नव्या दुखण्याला आधी गोळी नको, शेक, मालीश, सुया, हाताने मणक्याचे उपचार यातलं काही करून बघा असं आहे. शेक सोडला तर बाकीच्यांचा पुरावा कमी दर्जाचा आहे हेही त्यांनीच लिहिलंय. स्नायू सैल होतो, चार दिवस बरं वाटतं, माणूस हालचाल करायला लागतो, तेवढ्या खिडकीत व्यायाम सुरू केला तर उपयोग. मालीश करून परत वाकून तीस किलोचा बॉक्स उचलला तर काय उपयोग.

कटकन फिरवण्याबद्दल: तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा होतो त्याचा असतो. हाड "सरकलेलं" असतं आणि "बसवलं" हे सांगायला छान आहे. मानेला जोरात झटका देताना मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या केसेस आहेत, क्वचित होतं पण होतं. कंबरेला एवढा धोका नाही पण पायात मुंग्या असताना, एमआरआय न बघता, एका बैठकीत, नाही. रक्त पातळ करायची गोळी असेल, हाडं ठिसूळ असतील, कॅन्सर होऊन गेला असेल, ताप असेल तर मुळीच नाही.

नडगीला मुका मार आहे म्हणालात, आणखी एक. पडल्यानंतर एकाच पोटरीला सूज, गरमपणा, दाबलं की आतून दुखणं असेल तर ती रक्ताची गाठ पण असू शकते, ती चोळली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मुका मार म्हणून चोळत बसू नका, आधी दाखवा.

---

सोलापूरची_रश्मी

मध्येच विचारते माफ करा. माझे सासरे पक्षाघातामुळे सात महिने अंथरुणावर आहेत, कंबरेखाली माकडहाडावर लाल झालंय, एका जागी कातडी गेलीये. माझ्या नणंदेने एक व्हिडिओ पाठवला की चायनीज मालिशीने बेडसोअर भरतात, जखमेच्या कडेने रोज दाबून चोळायचं. मी दोन दिवस केलं, पण मला ते जास्तच लाल वाटतंय.

(बाय द वे आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांना चीनमध्ये केवढा मान आहे ते तुम्हाला दिसतं का हो तिकडे?)

---

फिजिओ_औंध

रश्मी, आजपासून बंद कर. दबावाने लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही, हे आता जगभरच्या बेडसोअरच्या सूचनांमध्ये आहे, पूर्वी आमच्याकडे पण नर्सेस स्पिरिट-पावडर लावून चोळायच्या, ते चुकीचं होतं. आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच चेपलेल्या असतात, तू चोळलंस की त्या अजून फाटतात आणि वरून दिसतं त्यापेक्षा आत मोठा खड्डा होतो. बोटाने दाबून बघ, लाली दाबल्यावर पांढरी होते का? नाही झाली तर आत इजा सुरू झालीये असं समज.

करायचं ते कंटाळवाणं आहे: दर दोन तासांनी कूस बदलणं, पूर्ण कुशीवर नाही, उशी लावून अर्धवट तिरकं. हवेची गादी भाड्याने मिळते. ओली चादर लगेच बदल. खाण्यात प्रोटीन, अंडी चालत असतील तर अंडी. आणि कातडी गेलीये म्हणजे सर्जनला दाखव, शुगर तपास. हातपाय हलवून सांधे मोकळे ठेवायचे ते मात्र रोज कर, ते मी तुला मेसेजमध्ये सांगते.

---

पुडोंगची_सुमनताई

रश्मी तू एकटी करतेस का गं सगळं? नणंदेला व्हिडिओ पाठवण्याऐवजी दोन रात्री येऊन झोप म्हणावं.

कोटणीसांबद्दल, हो, म्हातारी माणसं लगेच ओळखतात, ख तिहुआ म्हणतात त्यांना. एकदा टॅक्सीवाल्या काकांना सांगितलं की त्यांच्याच राज्याची आहे तर मीटरवरचे सुटे पैसे सोडून दिले. 1938 ला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक आलं त्यातले ते, 1942 ला इथेच गेले, बत्तीस वर्षांचं वय. शिच्याच्वांगला समाधी आणि पुतळा आहे, आम्ही जाऊन आलोय. ते सर्जन होते पण, जखमी सैनिकांवर दिवसरात्र ऑपरेशनं. त्याच युद्धात चिनी सैनिक जखमांवर युन्नान पाययाओची पूड टाकायचे, ती अजून प्रत्येक केमिस्टकडे मिळते, बँडेज टूथपेस्ट सगळ्यात घालतात आता. आमच्या कामवाल्या ताई बोट कापलं तरी तीच आणि चिरंजीवांनी गुडघा फोडला तरी तीच. मी साबण-पाण्याने धुऊन पट्टी लावते, त्यांच्या दृष्टीने मी निष्काळजी आई.

---

वैद्य_म्हणे

आयुर्वेदवाला म्हणून दोन ओळी. आंबेहळद, रक्तचंदन, तुरटी उगाळून आपण मुक्या मारावर लेप लावतोच, निर्गुडीचा पाला शेकतो. तुमच्या दिएदाचं तत्त्व तेच दिसतं, रक्त साकळलंय ते पसरवा. पण आपल्याकडे पण लेप फुटलेल्या कातडीवर नाही आणि नव्या ज्वरात, अजीर्णात अभ्यंग नाही. एक गोष्ट आवडली चिन्यांची, ते म्हणतात "थोंग झ पू थोंग, थोंग झ पू थोंग". देवनागरीत लिहिलं की दोन्ही अर्धी सारखीच दिसतात, पण सूर वेगळे आहेत, अर्थ होतो वाट मोकळी तर दुखणं नाही, दुखणं आहे तर वाट मोकळी नाही. आपण वाताच्या मार्गावरोधाबद्दल हेच सांगतो, फक्त इतकं गोड जमत नाही.

---

नेने_घाट_पुणे

म्हणजे थोंग झाल्यावर पायाळू चालेल ना?

---

टाइल्सवाला_कोल्हापूरकर

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, उशीर झाला लिहायला, साडेतीन आठवडे झाले. रिपोर्ट देतो.

त्याच दिवशी टाचांवर चालून बघितलं, जमलं. पोटरीची भीती बसली म्हणून दुसऱ्या दिवशी इथल्या चिनी वैद्यकाच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो, मामांनाच घेऊन गेलो बरोबर, भाषेसाठी. म्हटलं मामा तुमचंच वैद्यक आहे फक्त मोठ्या दुकानात जाऊ. फोनवरून नंबर लावायचा, पासपोर्टवर होतं, मामांनी लावला. पायाची सोनोग्राफी केली, गाठ नाही, नुसता मार. गुडघ्याच्या जखमेला नर्सने साध्या सलाइनने धुऊन ड्रेसिंग केलं, तिथे कुणी काही चोळलं नाही. नडगीवर मात्र एका पिवळ्या पाण्यात भिजवलेली गॉज ठेवली, मामा एकदम खूश, म्हणाले हे ली क्वांगहायचं पिवळं पाणी, फोशानच्या जुन्या हाडवैद्य घराण्याचं, त्यांच्या वडिलांना पण लावलं होतं. वास असा की बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहायची. काळंनिळं चारपाच दिवसांत पिवळट झालं, त्याने झालं का आपोआप झालं ते फिजिओताई सांगतील 🙂

एमआरआयमध्ये एल फोर एल फाइव्हची गादी उजवीकडे सरकलीये. तुइनाचे डॉक्टर पन्नाशीचे, हात म्हणजे आमच्या तालमीतल्या वस्तादांसारखे. आधी त्यांनी दहा मिनिटं नुसतं चाचपलं, पाय उचलून बघितला, मग फोटो बघितला. नानचिंगवाल्या भावाची पहिली पद्धत मला लगेच आठवली. मी भीत भीत मामांकडून विचारवलं की वळवणार का, तर ते म्हणाले आत्ता नाही, सूज आहे, आणि तुझ्या बाबतीत कदाचित कधीच नाही. आठवड्याला तीनदा वीस मिनिटं, तेच लाटण्यासारखं, कुल्ल्यात एक जागा आहे तिथे कोपराने दाबतात तेव्हा डोळ्यातून पाणी येतं आणि उठल्यावर पाय हलका. नऊ बैठका झाल्या. पोटरीपर्यंतची कळ आता मांडीपर्यंतच येते, मुंग्या आहेत अजून पण रोज नाही. मोजे घालता येतात.

जास्त फरक मला वाटतं कामामुळे पडला. कारखान्यात सांगून तपासायचं टेबल कंबरेएवढं उंच करून घेतलं, बॉक्स पोरं उचलतात. हे दीड वर्षापूर्वीच का नाही केलं कळत नाही, मालकाने एका दिवसात करून दिलं.

गुडघा पूर्ण बंद झालाय, खपली पडून दहा दिवस झाले. व्रण कडक आहे आणि गुडघा पूर्ण दुमडत नाही. डॉक्टर म्हणाले आता चोळा, दिवसातून दोनदा पाच मिनिटं, आडवं उभं गोल. फिजिओताई बरोबर ना हे?

आणि मामांनी डॉक्टरला पायाळूचं सांगितलं. डॉक्टर मन लावून ऐकत होते, शेवटी विचारलं की लाथ कुठल्या मणक्यावर मारतात आणि उजव्या पायाने का डाव्या. मला माहीत नव्हतं. आईला विचारून सांगतो म्हटलंय.

---

फिजिओ_औंध

बरोबर आहे. साधं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून, अंगठा कातडीवर घसरू न देता खालच्या थरावर कातडी हलवायची. लाल होऊन अर्ध्या तासात उतरली तर ठीक, दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत राहिलं तर जोर कमी. आणि पिवळ्या पाण्याबद्दल, मुका मार दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांचाच पिवळा होतो 😀 पण मामांना नका सांगू.

---

सोलापूरची_रश्मी

सासऱ्यांची लाली कमी झालीये, गादी भाड्याने आणली. नणंद रविवारी येतेय.

---

नेने_घाट_पुणे

उजव्या पायाने. आमच्या आजीचं ठाम मत होतं. डॉक्टरला कळवा.